मॉरिशसला पहिल्यांदा जाताना

मॉरिशसला जायचं ठरलं की लोक आधी हॉटेल बघायला लागतात. माझं सांगणं असं, की आधी किनारा ठरवा, हॉटेल मग बघा. बेट लहान आहे, आकाराने गोव्याच्या साधारण निम्मं. पण मधोमध पठार आणि डोंगर असल्यामुळे पूर्वेची हवा एक आणि पश्चिमेची दुसरीच. आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात, ते मे ते ऑक्टोबर या त्यांच्या हिवाळ्यात चांगलेच जोर धरतात. पूर्वेच्या बेल मारची वाळू अतिशय सुंदर आहे, पण त्या महिन्यांत दुपारी तिथे चटई पसरून बसायची सोय नसते. पश्चिम किनारा डोंगरांच्या आडोशाला आहे. आम्ही गणपतीच्या दिवसांत जाणार होतो आणि बरोबर सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई होत्या, म्हणून पश्चिमेचं फ्लिक आँ फ्लाक हे गाव धरलं. तो निर्णय सगळ्या प्रवासभर उपयोगी पडला.

ऋतूंचं गणित आपल्या उलट आहे, हे तिकीट काढण्यापूर्वी डोक्यात पक्कं करावं. नोव्हेंबर ते एप्रिल उन्हाळा, त्यात जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा मुख्य मोसम. वादळाच्या इशाऱ्याला तिथे एक ते चार असे क्रमांक असतात. तिसऱ्या क्रमांकाचा इशारा लागला की बस, दुकानं, कचेऱ्या बंद आणि पर्यटकानेही खोलीतच थांबायचं. ऑगस्ट-सप्टेंबरात ही भीती नसते. समुद्र मात्र जरा गार लागतो आणि पठारावरच्या क्युरपिपला तर स्वेटर लागतो. आम्ही खाली किनाऱ्यावर सुती कपड्यांत आणि तासाभराच्या अंतरावर वर धुक्यात, असं एकाच दिवशी अनुभवलं.

गणपतीतच का, तर सासूबाईंचं माहेर गुहागरकडचं. तिकडून मॉरिशसला गेलेल्या मराठी लोकांनी तिथे पिढ्यान्‌पिढ्या गणपती टिकवलाय हे त्यांनी कुठे तरी ऐकलं होतं. घरचा गणपती त्या वर्षी दिरांकडे होता. "एकदा त्यांचा गणपती बघून येऊ," एवढंच त्या म्हणाल्या आणि आम्ही तारखा काढल्या.

तयारीत कागदपत्रांचा भाग सोपा आहे. भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा काढावा लागत नाही, उतरल्यावर शिक्का मिळतो. परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग आणि खर्चाची सोय विचारतात, त्याचे छापील कागद हाताशी ठेवावेत. निघण्यापूर्वी प्रवासाचा एक फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. ज्येष्ठांचा फॉर्म त्यांच्या शेजारी बसून, औषधांची यादी समोर ठेवून भरा.

औषधांवर मात्र वेळ घालवा. अमली पदार्थांच्या बाबतीत हा देश फार कडक आहे आणि आपल्याकडे घराघरांत पडून असलेल्या काही गोळ्या तिथे त्या यादीत येतात. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलसारखं दुखणं मारणारं औषध, यांतलं काही लागत असेल तर डॉक्टरांना विचारून पर्याय घ्यावा. अगदीच न्यावं लागलं तर चिठ्ठी आणि मूळ पाकिटासकट न्यावं, परवानगीची चौकशी आधी करून. सासूबाईंच्या डब्यातल्या सुट्या गोळ्या आम्ही घरीच ठेवल्या आणि रक्तदाबाच्या नव्या पट्ट्या नावाच्या चिठ्ठीसह घेतल्या. ई-सिगारेट आणि सिगारेट वळायचे कागद नेण्यावर बंदी आहे, हे तरुण मंडळींना आवर्जून सांगावं. बी-बियाणं, रोपं, फळं परवान्याशिवाय नेता येत नाहीत. दूर्वांची जुडी न्यायची सासूबाईंची फार इच्छा होती, पण त्यांना कारण पटलं. बेटावरची झाडं-पाखरं बाहेरून आलेल्या किडीपुढे, प्राण्यांपुढे टिकत नाहीत. डोडो पक्षी इथलाच, आणि माणसं आल्यावर शंभरेक वर्षांत तो संपला. दूर्वांऐवजी त्यांनी अष्टगंध आणि कापसाची वस्त्रमाळ घेतली.

प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चपट्या पिनांचा असतो. तिथला रुपया आपल्या दोन रुपयांच्या जरा आत पडतो, आणि नोटेवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि देवनागरी अक्षरंही आहेत. फेब्रुवारी २०२४ पासून आपलं यूपीआय तिथे सुरू झालंय, पण सगळीकडे चालेल असं धरून जाऊ नका. बस, भाजीबाजार, रस्त्यावरचं खाणं, सगळं रोखीवर. घड्याळ दीड तास मागे.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे आणि राहण्याची ठिकाणं बहुतेक उत्तरेला किंवा पश्चिमेला. म्हणजे उतरल्या उतरल्या बेट ओलांडावं लागतं, तासभर तरी धरा. टॅक्सीत मीटरवर हिशेब होत नाही. बसण्यापूर्वी भाडं ठरवायचं, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नाही. गेस्ट हाऊसच्या बाईंनी आमच्यासाठी गाडी पाठवली होती. मोबाइलचं कार्ड विमानतळावरच पासपोर्ट दाखवून घेतलं.

पहिल्या अर्ध्या तासातच बेट आपला इतिहास समोर ठेवतं, फक्त खिडकीतून बघायला हवं. दोन्ही बाजूंना ऊस. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे रचलेले मोठाले ढीग, काही तर घराएवढे. ही ज्वालामुखीची जमीन, दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी दगड वेचून काढणं आलं. ते काम आधी गुलामांनी आणि नंतर भारतातून नेलेल्या मजुरांनी हातांनी केलं. शेताच्या कडेला मध्येच कालीमाईचं छोटं देऊळ दिसतं आणि वस्ती लागली की कितीतरी घरांच्या अंगणात बांबूवर लाल झेंडे आणि मारुती. सासूबाईंनी गाडीतूनच हात जोडले.

आणि इथेच पहिल्यांदा जाणाऱ्या भारतीयाने एक गोष्ट सांभाळायला हवी असं मला मनापासून वाटतं. देवळं दिसतात, साड्या दिसतात, हिंदी गाणी ऐकू येतात, म्हणून हे लोक 'आपलेच' असं आपण गृहीत धरतो आणि लगेच "मूळचे कुठले तुम्ही?" असं विचारून मोकळे होतो. आमच्या पुढच्या आसनावर बसलेल्या एका प्रवाशाने टॅक्सीवाल्याला नेमकं हेच विचारलं. त्याने शांतपणे उत्तर दिलं, "मो मोरिसियें." मी मॉरिशसचा. हा देश १२ मार्च १९६८ ला स्वतंत्र झाला, १९९२ ला त्याच तारखेला प्रजासत्ताक झाला. दांडी यात्रेचा दिवस म्हणून ही तारीख निवडली गेली. गांधीजींबद्दल त्यांना आदर आहे, भारताबद्दल ओढ आहे, पण घर त्यांचं हे आहे. लोकसंख्येत साधारण दोन तृतीयांश भारतीय वंशाचे, बाकी आफ्रिकी-मिश्र वंशाचे क्रिओल, चिनी, फ्रेंच वंशाचे, आणि ते सगळे एकाच बसथांब्यावर उभे असतात. पूर्वजांचा विषय त्यांच्याकडून निघाला की ते भरभरून बोलतात. तोवर आपण थांबावं.

बोलण्याची सुरुवात नेहमी नमस्काराने. दुकानात शिरून थेट "हे केवढ्याला?" असं विचारणं तिथे उद्धट वाटतं. आधी "बोंझूर", मग काय हवं ते. बसच्या कंडक्टरला, भाजीवालीला, चौकीदाराला, सगळ्यांना. घरात आणि रस्त्यावर क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली, चालते, वर्तमानपत्रं बहुतेक फ्रेंच, सरकारी कामकाज इंग्रजीत. म्हाताऱ्या माणसांपैकी बऱ्याच जणांना भोजपुरी येते, त्यामुळे हिंदीवर भागतं. पण समोरच्याला हिंदी आलंच पाहिजे अशा थाटात सुरुवात करू नये. "बोंझूर, की मान्येर?", म्हणजे नमस्कार, कसं काय, एवढं म्हटलं की चेहरे खुलतात आणि पुढचं संभाषण कुठल्या का भाषेत होईना, पार पडतं. सासूबाई रोज सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातल्या बाईंना हे म्हणायच्या. त्या बाई, ज्यांना सगळे मौसी म्हणत, उत्तरात "बियें, मेर्सी, नानी" (बरं आहे, धन्यवाद, नानी) म्हणायच्या आणि पाव गरम आहे की नाही ते न विचारता सांगायच्या.

खाण्याबद्दल शाकाहारी माणसांना उगाच काळजी असते. ढोल पुरी मिळाली की निम्मा प्रश्न सुटतो. राजधानी पोर्ट लुईच्या मोठ्या बाजाराबाहेर सायकलला लावलेल्या काचेच्या पेटीतून एक गृहस्थ विकत होते, तिथे आम्ही उभे राहून खाल्ली. वाटलेली पिवळी डाळ, हळद आणि जिरं घालून मैद्याच्या पारीत भरलेली आणि इतकी पातळ लाटलेली, की पलीकडचा हात दिसावा. सासूबाई म्हणाल्या, ही तर बिनगुळाची पुरणपोळी. विकताना जोडीनेच देतात. दोन पुऱ्या हातावर पसरल्या, त्यावर मोठ्या वालासारख्या दाण्यांची दाट आमटी, टोमॅटोचा 'रुगाय', कोथिंबिरीची चटणी, आणि मग मान वर करून एकच प्रश्न, "पिमाँ?" म्हणजे मिरची. त्यांची मिरची खरोखर तिखट असते. "तिजित", थोडीशी, असं सांगायचं. मग झटकन गुंडाळी, कागद, आणि पुढचा गिऱ्हाईक. रांग लांब असते पण दोन मिनिटांत सरकते. पैसे सुटे द्यावेत.

सकाळी गरम 'गातो पिमाँ' मिळतात, डाळीचे छोटे वडे. लोण्याच्या पावात घालून खातात. दुपारी 'आलुदा', सब्जा घातलेलं थंड दूध. अननस इथला छोटा आणि फार गोड, सोलून देठासकट हातात देतात, वर चिंच-मीठ-मिरची. बाजारात भाजी बघताना आम्ही खूप वेळ काढला, कारण कोकणातली निम्मी परसबाग तिथे होती. शेवग्याचा पाला, अळू, पडवळ, दोडका, कारलं, निरफणस. शेवग्याच्या पाल्याचा पातळ रस्सा तिथल्या घरांत नेहमीचा. खानावळीत मात्र शाकाहारी म्हटलं तरी मासळीचा सॉस किंवा कोंबडीचं पाणी वापरलेलं असू शकतं, विशेषतः चिनी वळणाच्या नूडल्समध्ये. "मांस नाही, मासळी नाही, अंडं नाही" असं एकेक सांगावं. गणपती किंवा महाशिवरात्रीच्या आधी पुष्कळ हिंदू घरांत 'कारेम' असतं, म्हणजे सामिष बंद. त्या दिवसांत शाकाहारी जेवण जागोजाग मिळतं.

समुद्राबद्दल दोन गोष्टी न सांगता पुढे जाता येणार नाही. बेटाला बहुतेक सगळीकडून प्रवाळाच्या कड्याने वेढलंय, म्हणून आतलं पाणी उथळ आणि शांत, लहान मुलांनासुद्धा उतरता येईल असं. पण तळाशी तुटकी पोवळी, काटेरी समुद्री साळी आणि दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासा असतो, तेव्हा पायात रबरी बूट हवेतच. ते तिथे कुठल्याही दुकानात मिळतात. आणि जिथे हे कडं तुटलेलं आहे तिथे पाण्यात जायचं नाही. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री आहे, तिथे लाटा थेट खडकावर येऊन आदळतात. बघायला भव्य, पोहायला धोक्याचं. वारा गार असल्यामुळे ऊन जाणवत नाही आणि संध्याकाळी कातडी सोललेली दिसते, म्हणून टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे. शंख-शिंपले, पोवळ्याचे तुकडे उचलून आणणं बेकायदा आहे, कितीही सुटे पडलेले दिसले तरी. तमारँच्या खाडीत सकाळी डॉल्फिन बघायला होड्या निघतात. आम्ही गेलो नाही. किनाऱ्यावरून पाहिलं तर एका कळपाभोवती होड्यांचा गराडा पडलेला होता, आणि त्यात आपली एक भर नको असं आम्हा तिघांनाही वाटलं.

तिथले किनारे सार्वजनिक आहेत. मोठ्या हॉटेलांसमोरची वाळूसुद्धा. रविवारी फ्लिक आँ फ्लाकच्या सुरूच्या झाडांखाली अख्खी कुटुंबं येतात, बिर्याणीचं पातेलं, चटया, खुर्च्या, आज्जी, पाळण्यातलं बाळ आणि ढोलकं. दुपार कलली की 'रावान' हे मोठं डफासारखं वाद्य शेकोटीवर शेकून तापवतात आणि सेगा सुरू होतो. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ऊसमळ्यांच्या काळात जपलेलं हे गाणं-नाचणं, २०१४ साली युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेलं. हॉटेलात रात्रीच्या जेवणासोबत दाखवतात त्यापेक्षा रविवारचा सेगा बघा. बघताना फोन थेट तोंडासमोर धरू नका. एका काकांना आम्ही आधी विचारलं, तर त्यांनी सासूबाईंना खुर्ची दिली. पोहण्याचे कपडे किनाऱ्यापुरतेच ठेवावेत, गावात आणि बसमध्ये अंगभर.

बस आणि मेट्रोने फिरता येतं आणि फिरावं. फ्लिक आँ फ्लाकहून बसने कात्र बोर्न, तिथून मेट्रोने पोर्ट लुई. ही मेट्रो भारताच्या सहकार्याने झाली, एल अँड टीने बांधली, २०२० मध्ये सुरू होऊन २०२२ मध्ये क्युरपिपपर्यंत पोचली. लक्षात ठेवायचं ते एवढंच, की गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर बंद होतात. अंधार पडायच्या आत परतीच्या बसमध्ये असावं, नाहीतर टॅक्सी. रुग्णवाहिकेसाठी ११४ हा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा. औषधाच्या दुकानावर हिरवा क्रूस असतो.

पोर्ट लुईला रविवारी जाऊ नका, सगळं सामसूम असतं. कामाच्या दिवशी जा आणि बाजाराच्या गर्दीतून चालत बंदराकडच्या आप्रवासी घाटावर, म्हणजे भारतातून आणलेले मजूर उतरत त्या जागी, या. बहुतेक सहलींमध्ये हे ठिकाण एक तर नसतं किंवा पंधरा मिनिटांचं असतं. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, म्हणजे बाकीचं बेट कळतं.

१८३५ च्या सुरुवातीला मॉरिशसमध्ये गुलामी संपायची होती. मळेवाल्यांना माणसं हवी होती. ब्रिटिश सरकारने करारावर मजूर आणून बघायचं ठरवलं आणि त्याला 'महान प्रयोग' असं नाव दिलं. २ नोव्हेंबर १८३४ ला 'अ‍ॅटलास' जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस माणसं उतरली. पुढे १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख लोक आले. कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबई बंदरातूनही. मुंबईहून आलेल्यांत कोकणातली आणि देशावरची मराठी माणसं होती. बहुतेक परत गेलेच नाहीत. प्रयोग यशस्वी झाला असं सरकारने ठरवलं आणि मग फिजी, त्रिनिदाद, गयाना, दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत, असे मजूर जात राहिले.

घाटावर आज राहिलंय ते थोडंच. दवाखान्याची खोली, स्वयंपाकघराच्या खुणा, छपऱ्यांचे पाये, आणि दगडी सोळा पायऱ्या. जहाजातून होडीत, होडीतून या पायऱ्यांवर. वर चढलं की नोंद, तपासणी, एखाद-दोन रात्री आणि मळ्याची वाट. प्रत्येकाला नंबर मिळायचा. बापाचं नाव हेच आडनाव होऊन बसायचं, तेही साहेबाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. २००६ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून घोषित केली. प्रवेशाला पैसे नाहीत. शेजारच्या दालनात जहाजांची, मळ्यांची, कराराच्या कागदांची मांडणी फार चांगली केलीय, तिथे कमीत कमी तास-दीड तास द्या. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना तिथल्या बोटीच्या प्रतिकृतीपेक्षाही त्या जेवणाच्या शिध्याची यादी वाचून दाखवा. तांदूळ किती, डाळ किती, मीठ किती, हे ऐकून मुलांना जास्त कळतं.

सासूबाईंना त्या पायऱ्या चढायच्या होत्या. पण तिथे चढू देत नाहीत, पायऱ्या जपायच्या आहेत. वरूनच बघायचं. लोक २ नोव्हेंबरला, त्या दिवशी देशभर सुट्टी असते, इथे फुलं वाहायला येतात. आम्ही आवाज न करता थांबलो आणि निघालो. सेल्फी काढणारे होते. कृपा करून तिथे हसत फोटो काढू नका.

ज्यांना आपल्या घराण्यातलं कुणी त्या काळी 'मिरच देशी', म्हणजे मॉरिशसला, गेल्याची कुणकुण आहे, त्यांनी मोका या गावातल्या महात्मा गांधी संस्थेकडे आधी पत्र पाठवून विचारावं. स्थलांतरितांची दप्तरं तिथे आहेत. नाव, बापाचं नाव, जिल्हा, गाव, अंगावरची खूण, जहाज, आणि पुढच्या काळातल्या माणसांचे फोटोसुद्धा. वेळ लागतो. नुसतं दारात जाऊन उभं राहिल्याने काम होत नाही.

गणपतीचं जमलं ते गेस्ट हाऊसच्या बाईंमुळे. त्यांच्या मुलीची मैत्रीण शाळेत मराठी शिकवते. मॉरिशसच्या शाळांमध्ये हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू यांच्यासारखी मराठीही निवडता येते. ही बाई पश्चिमेच्या कास्काव्हेल भागातली. या भागात मराठी वस्ती जुनी आहे. तिने घरी बोलावलं. कुणाच्या घरी बोलावणं आलं तर रिकाम्या हाताने जाऊ नये, पण महागडं काही नेऊन त्यांना अवघडवूही नये. अष्टगंध आणि वस्त्रमाळ बघून त्या घरातल्या आजींनी ती लगेच मूर्तीला घातली. मूर्ती मातीची, तिथेच घडवलेली. मखर ऊस आणि केळीच्या खांबांचं.

शिक्षिकाबाई दारातच म्हणाल्या, "आई, आपण आत या. आमच्या घरी आपले स्वागत आहे." स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं मराठी. घरातली बाकीची मंडळी आपसांत क्रिओल बोलत होती, आणि आरती सुरू झाली तेव्हा मात्र सगळ्यांना ती तोंडपाठ होती, अगदी पाच वर्षांच्या मुलालाही. काही शब्द वेगळे पडत होते. आमच्या ओठांवर दुरुस्ती येऊ नये याची आम्ही दक्षता घेतली, आणि तुम्हीही घ्या. समुद्रापलीकडे बराच काळ शाळा नसताना, छापील पुस्तक नसताना त्यांनी हे तोंडातोंडी सांभाळलंय. त्यांच्या मराठीची परीक्षा घ्यायला, "अरे वा, तुम्हाला मराठी येतं!" असं म्हणायला आपण कोण? त्यांच्या पद्धतीने आरती म्हणावी, त्यांच्या चालीत.

आरतीनंतर अंगणात 'झाकरी' झाली. मध्ये ढोलकी आणि झांज घेऊन बसलेले गाणारे, भोवती गोल धरून नाचणारे. सासूबाई पहिल्या दोन ओळींतच पुढे सरकून बसल्या. गुहागर-चिपळूणकडे गणपतीत जी जाखडी होते, तिच्याशी नातं उघड होतं. पावलांची ठेवण तीच, गिरकी तीच, फक्त चाल जरा संथ. गाणारे आजोबा मजकुराचा अर्थ पुरता लागत नाही असं मोकळेपणाने म्हणाले. आजोबांकडून ऐकलं तसं गातो. एक ओळ सासूबाईंना माहीत होती. त्यांनी ती हलक्या आवाजात पुरी केली, तर आजोबांनी ढोलकी थांबवून "परत म्हणा, बाय" असं सांगितलं आणि नातवाला फोनवर ती घ्यायला लावली. नंतर त्यांनी सासूबाईंना त्यांच्याकडची अशी दोन कडवी दिली, जी सासूबाईंनी कधी ऐकली नव्हती. ती त्यांनी वहीत उतरवून घेतली.

जेवण केळीच्या पानावर. पुऱ्या आणि सात प्रकारच्या भाज्या-आमट्या, हाताने वाढत जाणारे तरुण पोरगे. पान संपवावं. नको असेल तर वाढणाऱ्याचा हात येण्यापूर्वी पानावर तळहात आडवा धरावा. उजव्या हातानेच खावं.

त्या वर्षी सुट्टी आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी होती, म्हणजे त्यांच्या विसर्जनाला. दीड दिवसाचा गणपती. मिरवणुका किनाऱ्याकडे निघाल्या तेव्हा रस्त्यावर पोलीस वाहतूक अडवून वाट करून देत होते. क्रिओल शेजारी फाटकाशी उभे राहून बघत होते, काही जण पाण्याचे पेले घेऊन. त्या दिवशी गाडीने कुठे जायचं ठरवू नका. महाशिवरात्रीच्या आठवड्यातही हेच, लाखो माणसं पायी गंगा तलावाला निघतात आणि पठाराकडचे रस्ते भरून जातात. एरवी गंगा तलाव सकाळी लवकर गाठावा, धुकं उतरण्यापूर्वी. तिथे शंकराची १०८ फुटी मूर्ती आहे आणि प्रसाद हिसकावणारी माकडं आहेत. चपला बाहेर, खांदे झाकलेले, आणि तळ्याच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात म्हणून वडीलधाऱ्यांचा हात धरा.

ल मोर्नचा डोंगर आम्ही खालूनच पाहिला. पळून गेलेले गुलाम त्याच्या कड्यांवर लपून राहत, आणि २००८ पासून तोही युनेस्कोच्या यादीत आहे. चढायचं असेल तर स्थानिक वाटाड्या घ्या, वरचा टप्पा अवघड आहे. शामारेलची रंगीत माती, पांप्लेमूसच्या बागेतली परातीएवढ्या पानांची कमळं, ही सगळीकडे सांगितली जातात, आणि बघण्यासारखी आहेतच. एका दिवसात तिन्ही टोकं शिवायचा हट्ट मात्र धरू नका.

परत येताना ब्वा शेरीचा व्हॅनिलाचा चहा आणि तिथली तपकिरी साखर आणली. मिरचीचं लोणचं आजींनी बरणीत भरून दिलं होतं, ते मोठ्या बॅगेत, प्लॅस्टिकमध्ये दोनदा गुंडाळून. विमान सकाळचं असेल तर हातात भरपूर वेळ ठेवून निघा. कचेऱ्यांच्या वेळी मधला महामार्ग तुंबतो आणि पश्चिमेकडून विमानतळाला जायला दुप्पट वेळ लागू शकतो. उरलेले तिथले रुपये विमानतळावरच बदलून घ्या, मुंबईत ते घेणारं सहसा कुणी सापडत नाही.